बाळाच्या मणक्यांना हात, आईच्या पाठीशी कोण?

‘‘अगं, बाळ रडतंय, बघ ना जरा!’’

हे वाक्य ऐकलं नाही अशी आई सापडणं कठीण. ते नेहमी बाईला उद्देशून असतं. बाळ बापाच्या हाताच्या अंतरावर असलं आणि बाई आत कणीक मळत असली, तरी ‘बघायचं’ तिनेच. ती कणकेचे हात धुऊन येते, बाळाला घेते, पाजते, खांद्यावर टाकून फेऱ्या मारते. बाळ थांबलं तर कुणी काही बोलत नाही. नाही थांबलं तर दुसरं वाक्य येतं : ‘‘आज काय खाल्लंस तू?’’

या दोन वाक्यांच्या मध्ये जे दडलेलं आहे, त्याबद्दल मला लिहायचं आहे. निमित्त आहे एका पत्राचं. माझ्याबरोबर एम.एस.डब्ल्यू. केलेली एक मैत्रीण लग्नानंतर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेली. घरात ती, नवरा आणि आता पाच आठवड्यांची मुलगी. आई काही कारणाने इथून जाऊ शकली नाही. मुलगी रोज संध्याकाळी पाचला रडायला लागते ती नऊ-दहापर्यंत. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी. डॉक्टरांनी तपासलं, वजन पाहिलं आणि सांगितलं, बाळ निरोगी आहे, हा ‘कॉलिक’. तिथल्या एका ओळखीच्या आईने सुचवलं की कायरोप्रॅक्टरकडे ने. ते अगदी हलक्या हाताने बाळाची मान, पाठ बघतात आणि बाळं शांत होतात. दर भेटीचे पैसे बऱ्यापैकी आहेत, पण नवरा म्हणतो, ‘करून तर बघू.’ मैत्रिणीने मला विचारलं, ‘‘तू सांग, नेऊ का?’’

मी डॉक्टर नाही. पण बाळंतिणी आणि लहान बाळं यांच्याशी माझ्या कामाचा रोजचा संबंध आहे. म्हणून मी थोडं वाचलं, आमच्याबरोबर काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं. उत्तर शोधता शोधता प्रश्न मेलबर्नचा राहिला नाही, आपल्या सगळ्यांचा झाला.

आधी कॉलिक म्हणजे काय ते पाहू. आपण त्याला पोटदुखी म्हणतो, पोटात गुबारा धरला म्हणतो, दृष्ट लागली म्हणतो. १९५४ साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी त्याची एक सोपी व्याख्या केली. अंगापिंडाने चांगलं असलेलं बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर तो कॉलिक. साधारण पाचातल्या एका बाळाला तो होतो असं मानलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रडणं सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. मुलगा असो की मुलगी, अंगावर पिणारं असो की बाटलीने, फारसा फरक पडत नाही. कारण नेमकं काय, हे विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही. थोड्या बाळांना गाईच्या दुधाची अॅलर्जी निघते, त्याहून थोड्यांना दुसरा आजार निघतो. बाकीची, म्हणजे बहुतेक सगळी, निरोगी असतात. बाळाला वायू सरतो म्हणून आपल्याला वाटतं की वायूमुळेच ते रडतंय. पण तासभर रडणारं बाळ भसाभस हवा गिळतं, आणि तीच हवा मग पोटात फिरते.

‘आपोआप ओसरतं’ हे शब्द लक्षात ठेवू या. सगळा घोटाळा तिथेच आहे. जी तक्रार स्वतःच्या पायांनी येते आणि स्वतःच्या पायांनी जाते, तिच्यावर जो शेवटचा इलाज केलेला असतो त्यालाच यश मिळतं. सहाव्या आठवड्यात रडणं असह्य झालं म्हणून आपण काहीतरी करतो, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात ते कमी व्हायचंच असतं.

म्हणूनच इलाजांना तोटा नाही. बेंबीभोवती हिंग, ओव्याचा शेक, सहाणेवर उगाळलेली मुरुडशेंग आणि वेखंड, मीठमोहऱ्या ओवाळणं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्याने १८५१ मध्ये बाजारात आणलेलं ग्राइप वॉटर आपल्याकडे इतकं रुळलं की ते आजीबाईच्या बटव्यातलंच वाटतं. सुरुवातीच्या नुस्ख्यात त्यात मद्यार्क होता, हे किती जणींना ठाऊक असेल? दूरदर्शनवरची त्याची जाहिरात आठवत असेल. बाळ रडतं आणि घरातली वडीलधारी बाई आईला सांगते की तू लहान असताना मीही हेच पाजत होते. पिढ्यान् पिढ्यांच्या बायका एका रडण्याभोवती जमलेल्या! बाळाला उचलून घेणारा पुरुष त्यात कुठे दिसल्याचं मला तरी आठवत नाही.

औषधांच्या दुकानात थेंबांच्या बाटल्याही मिळतात. सिमेथिकोनचे थेंब निरुपद्रवी, पण चाचण्यांमध्ये साध्या गोड पाण्याहून फारसे सरस ठरलेले नाहीत. डायसायक्लोमिन हे मुरडा थांबवणारं औषध तर सहा महिन्यांखालच्या बाळांना देऊच नये असा नियम आहे. दुकानदाराला विचारून बाटली आणण्याची सवय असलेल्या घरांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावं.

आणि मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला डंबा देतात, म्हणजे तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर विळ्याने ६५ चटके दिल्याची बातमी आली तेव्हा आपण सगळे हादरलो. हादरायलाच हवं होतं. ही क्रूर आणि जिवावर बेतणारी गोष्ट आहे आणि ती थांबायलाच हवी. पण त्या बातमीवर शहरातल्या सुशिक्षित घरांत जी चर्चा झाली, तीत ‘त्या अडाणी बायका’ हे शब्द मी अनेकदा ऐकले. बाळाच्या रडण्याने कासावीस झालेली, रात्री-अपरात्री जवळ दवाखाना नसलेली आणि ‘काहीतरी कर’ असं सगळ्यांनी बजावलेली ती बाई माझ्या मैत्रिणीपेक्षा मनाने फार वेगळी असेल असं मला वाटत नाही. दोघींच्या हाताशी असलेली साधनं मात्र फार वेगळी आहेत.

आता कायरोप्रॅक्टिककडे येऊ. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी हा पंथ सुरू केला. मणके जागचे किंचित सरकले की मज्जातंतूंवर दाब येतो आणि तेच बहुतेक रोगांचं मूळ, अशी त्यांची धारणा. मणके हाताने ‘जागेवर बसवले’ की रोग जातो. मोठ्या माणसांच्या कंबरदुखीत या उपचाराने थोडाफार आराम पडतो असं दिसतं, आणि तिथे माझं काही म्हणणं नाही. पण तान्ह्या बाळाचे मणके सरकल्यामुळे ते रडतं, याला कुठलाच पुरावा नाही. बाळावर उपचार करणारे म्हणतात, आम्ही कडाकडा मान मोडत नाही. टोमॅटो पिकलाय का हे बघायला बोटाने दाबावं, इतकाच आमचा दाब. मग प्रश्न असा पडतो की इतक्या हलक्या दाबाने सरकलेला मणका जागेवर बसतो कसा?

नुसता तर्क लढवायला नको, कारण याची तपासणी झालेली आहे. नॉर्वेत बर्गन इथे कॉलिक असलेल्या ८६ बाळांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बाळांचे दोन गट केले. आईबाप बाहेर बसत आणि नर्स बाळाला आत नेई. एका गटातल्या बाळांवर कायरोप्रॅक्टर उपचार करी. दुसऱ्या गटातल्या बाळाला नर्स दहा मिनिटं नुसतं जवळ धरून ठेवी. आत काय झालं हे आईबापांना ठाऊक नसे. शेवटी त्यांना विचारलं, बाळाला बरं वाटतंय का? उपचार घेतलेल्या ४६ पैकी ३२ बाळं सुधारली होती. नुसती जवळ घेतलेल्या ४० पैकी २४ बाळंही सुधारली होती. म्हणजे दर शंभरी ७० आणि ६०. इतक्या लहान गटांत हा फरक योगायोगानेही पडू शकतो.

२०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या. सगळी मिळून ३२५ बाळं. वरवर पाहता उपचाराने रडणं कमी झालेलं दिसत होतं. पण बाळावर उपचार झाला की नाही हे आईबापांना ठाऊक नव्हतं, अशाच चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा भरवशाचा फरक उरला नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे दोनशे बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांतल्या बाळांचं रडणं कमी झालं, आणि त्यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

ऑस्ट्रेलियात तर यावर मोठा वाद झाला. मेलबर्नमधल्या एका कायरोप्रॅक्टरने दोन आठवड्यांच्या बाळाला पायांनी धरून उलटं लोंबकळवल्याची चित्रफीत २०१८ मध्ये बाहेर आली. मार्च २०१९ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांवर हा उपचार करायला मनाई केली. व्हिक्टोरिया राज्य सरकारने चौकशी नेमली. तिला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी फारशा सापडल्या नाहीत, आणि फायद्याचा पक्का पुरावाही सापडला नाही. २०२३ च्या अखेरीस मंडळाने मनाई उठवली. डॉक्टरांनी आणि आरोग्यमंत्र्यांनी आक्षेप घेतल्यावर जून २०२४ मध्ये ती पुन्हा लागू केली. म्हणूनच आता तिथे ‘मणक्यांना झटका नाही, नुसता हलका स्पर्श’ अशा रूपात ही सेवा दिली जाते. माझ्या मैत्रिणीला सुचवलेली तीच.

पण त्या चौकशीतली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हजारो आईबापांनी आपण होऊन कळवलं की आमच्या बाळाला बरं वाटलं, आमचा अनुभव चांगला आहे. इतकी सगळी माणसं खुळी होती का? मला तसं वाटत नाही. त्यांना काहीतरी मिळालं होतं. नीट पाहिलं तर ते काय होतं हे कळतं. कुणीतरी अर्धा तास त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. ‘तुमचं दूध वाईट आहे’ असं म्हटलं नव्हतं, ‘सगळीच बाळं रडतात’ असं उडवून लावलं नव्हतं. बाळाला दुसऱ्या कुणीतरी, शांत हातांनी, न घाबरता हातात घेतलं होतं. आणि त्या वेळात आई खुर्चीत बसली होती. पाच आठवड्यांत बहुधा पहिल्यांदाच.

नॉर्वेच्या चाचणीतल्या त्या दहा मिनिटं बाळ धरून बसणाऱ्या नर्सचा विचार माझ्या मनातून जात नाही. शास्त्रज्ञांच्या लेखी ती ‘काहीच उपचार नाही’ या रकान्यात होती. पण बाळाला दुसऱ्याच्या हातात देऊन काळजीतून क्षणभर मोकळं होणं, हे काहीच नाही का?

कलहारीच्या वाळवंटातल्या कुंग सान लोकांच्या बाळांचा अभ्यास रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ती बाळं दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असतात, तासात अनेकदा पितात. तरीही त्यांचं रडणं त्याच वयात वाढतं आणि त्याच वयात कमी होतं. म्हणजे रडणं हा बाळाच्या वाढीचाच भाग दिसतो, आईच्या खाण्यापिण्याचा त्यात दोष नाही. पण त्यांचं रडणं फार काळ टिकत नाही, चटकन आटोपतं. यावरून ‘आईने बाळाला चोवीस तास कडेवर घ्यावं’ असा निष्कर्ष काढायला आपल्याकडचे उपदेशक टपलेलेच आहेत. मी त्यातून वेगळा धडा घेते. बाळाला पुष्कळ हात लागतात, आणि ते हात एकाच बाईचे असू शकत नाहीत.

आपल्याकडे पूर्वी हे हात होते असं म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी, न्हाऊमाखू घालणारी बाई, शेकशेगडी, सव्वा महिन्याची विश्रांती. या पद्धतीत शहाणपण होतं आणि मी तिची टिंगल करणार नाही. पण ते हातही बायकांचेच होते. आईच्या पाठीशी तिची आई, तिच्या पाठीशी तेल लावणारी बाई. त्या तेल लावणाऱ्या बाईचं तान्हं घरी कुणाच्या भरवशावर होतं, हे कुणी विचारलं नाही. शिवाय या काळजीला पथ्यांचा आणि दोषांचा काच होताच. हरभऱ्याची डाळ खाल्लीस, वांगं खाल्लंस, गार पाणी प्यायलीस, म्हणून बाळ रडतंय. जिला भरपूर खायला हवं तिच्याच ताटातून एकेक पदार्थ उचलला जातो, आणि बाळ तरीही संध्याकाळी रडतंच.

हा दोष किती महाग पडतो ते मी पाहिलं आहे. आमच्या वस्तीतली एक बाई धुण्याभांड्याची कामं करते. सव्वा महिना होताच तिने कामं परत धरली, नाहीतर ती बदलीवालीकडे गेली असती. बाळ दिवसा सासूकडे. संध्याकाळी ती दमून येई आणि नेमकं तेव्हाच बाळाचं रडणं सुरू होई. सासू म्हणे, ‘‘दिवसभर माझ्यापाशी गुमान असतंय, तू घेतलंस की रडतंय. तुझं दूधच बाधतंय.’’ नवऱ्यालाही ते पटलं. बाईने अंगावरचं तोडलं, पातळ केलेलं वरचं दूध बाटलीने सुरू झालं. पंधरा दिवसांत बाळाला जुलाब लागले, सलाइन लावावं लागलं. बाळ वाचलं. तिला मात्र आजही वाटतं की दोष तिच्या दुधाचाच होता. संध्याकाळी रडणं हा या वयाचा धर्म आहे, हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर?

रडणाऱ्या बाळाला गप्प करण्याचा इतिहास आपल्या मुंबईतही आहे, आणि तो चळवळीतल्या प्रत्येकीने वाचावा असा आहे. गिरण्यांच्या काळात कामगार बायका बाळाला ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. त्या गोळीत अफू असे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी पाहणी करून लिहिलं की गिरणीकामगार बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. त्या आया निर्दय नव्हत्या. बाळंतपणाची भरपगारी रजा नव्हती, पाळणाघर नव्हतं, खाडा केला तर मजुरी बुडत होती. त्या परिस्थितीचं औषध गोळीच्या रूपाने बाळाच्या पोटात जात होतं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतीलाभाचा कायदा झाला, तो या वास्तवाच्या दबावातून.

आज अफूची गोळी गेली, पण मूळ गोष्ट तशीच आहे. आईला वेळ, विश्रांती आणि माणसं द्यायची नसली की बाळावर इलाज करायचा. श्रीमंत देशात तो हलक्या हाताचा आणि महागडा असतो, आपल्याकडे बाटलीतला असतो, मेळघाटात तापलेल्या विळ्याचा असतो. या तिन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही, एक निरुपद्रवी आहे तर दुसरा जीवघेणा. पण तिन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न ‘बाळाला काय झालंय?’ हाच असतो. ‘आई शेवटचं कधी झोपली?’ हा नसतो.

मग करायचं काय? इथे मला सरकारच्या योजनेतली एक पोकळी दाखवायची आहे. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. फार चांगली योजना आहे, तिने बाळं वाचवली आहेत. २०१८ पासून तिला जोड मिळाली, तीत आशा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा येते. आता हिशेब करा. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. नेमकं ज्या आठवड्यात रडणं कळसाला पोचतं, त्या आठवड्यात भेटी थांबतात. आणि रडणं ओसरत आलं की तिसऱ्या महिन्यात पुन्हा सुरू होतात. सव्वा महिन्याची विश्रांतीही त्याच सुमाराला संपते. बाई सासरी किंवा कामावर परतते, मालीशवाली बंद होते, पाहुणे पांगतात. सगळे हात एकदमच निघून जातात आणि बाळ सर्वांत जास्त तेव्हाच रडतं.

ही पोकळी भरायला फार पैसा लागत नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांना आई बाळाला लस टोचायला आणतेच. त्या वेळी नर्सबाईंनी बाळाच्या वजनाबरोबर आईला दोन प्रश्न विचारावेत. बाळ किती रडतं? आणि तू किती झोपतेस? बेचाळिसाव्या दिवसानंतर आणि तिसऱ्या महिन्याच्या आधी आशाची एक भेट वाढवावी, आणि तिचा मोबदलाही वाढवावा. फुकट काम करायला लावून बायकांच्या अंगावर आणखी एक ओझं टाकणं आपल्याला नको आहे. मेलबर्नच्या माझ्या मैत्रिणीला रात्री दोन वाजता फोन करता येतो. व्हिक्टोरिया राज्यात माता-बाल आरोग्य नर्सशी चोवीस तास बोलता येईल अशी सरकारी सोय आहे. आपल्याकडे २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ क्रमांकावर आहे. मन खचलेल्या, रडू आवरत नसलेल्या बाळंतिणीने तिथे फोन करावा, पण हे तिला सांगतं कोण?

रजेचा प्रश्न तर आहेच. २०१७ नंतर संघटित क्षेत्रातल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. धुणंभांडी करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईला रजा नाही. तिला पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पाच हजारांत किती दिवस घरी बसता येतं? केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस रजा मिळते, खाजगी नोकरीतल्या बहुतेकांना तीही नाही. पण बापाची गोष्ट निव्वळ रजेची नाही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत बाप बहुतेक घरांत असतोच. रडणाऱ्या बाळाला घ्यायला स्तन लागत नाहीत, खांदा लागतो.

मैत्रिणीला मी हेच लिहिलं. नेऊ नकोस असं म्हणण्याआधी मी म्हटलं, ते पैसे वाचव आणि त्यातून आठवड्यातून दोन संध्याकाळी घरी मदतीला येणारं माणूस ठेव. रोज सहा ते आठ बाळ नवऱ्याच्या खांद्यावर. त्या वेळात तू दार लावून झोप, बाळ रडलं तरी. ते बापाच्या खांद्यावर रडतंय, एकटं नाही. आणि मणक्यांना हात लावू देऊ नकोस, त्याची गरज नाही.

वाचक मैत्रिणींसाठीही थोडं. बाळ रडतंय म्हणजे कॉलिकच, असं घरच्या घरी ठरवू नका. एकदा डॉक्टरांना दाखवाच. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, ते पिईनासं झालं, हिरवी उलटी झाली, शौचातून रक्त गेलं, टाळू फुगली, रडणं एकाएकी बदललं किंवा क्षीण झालं, बाळ मलूल पडलं, वजन वाढेना, तर ताबडतोब दवाखाना गाठा. यातलं काही नसेल आणि डॉक्टरांनी बाळ ठीक आहे म्हटलं असेल, तर बाळाला जवळ घ्या, झुलवा, अंगाई म्हणा, थोडं बाहेर फिरवून आणा. अंगावरचं तोडू नका. तुमचं दूध वाईट नसतं. सहा महिने त्याशिवाय गुटी नको, पाणी नको.

आणि रडणं ऐकून डोकं भणभणायला लागलं, हात शिवशिवायला लागले, तर स्वतःला राक्षसीण समजू नका. असं पुष्कळ जणींना होतं, बापांनाही होतं. बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, खोलीबाहेर जा, पाणी प्या, कुणाला तरी हाक मारा. दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मात्र त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ही गोष्ट बापांना, काकांना, आजोबांनाही सांगा.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गटातल्या बाळंतिणींना विचारा की बेचाळिसाव्या दिवसानंतर त्यांच्या दारात कोण आलं होतं. त्यांची उत्तरं लिहून काढा आणि मासिकाकडे पाठवा. ती उत्तरं घेऊन आपल्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचं आहे.